ताठ किती असावे?

मराठी भाषेने पाठीच्या कण्याला नीतीच्या विचारात फार मानाची जागा दिली आहे. जो माणूस दडपणापुढे नमत नाही त्याला आपण ताठ कण्याचा म्हणतो. जो नमतो त्याला कणाच नाही, असे म्हणून मोकळे होतो. संकटात कोणी पाठीशी उभा राहतो, कोणी पाठ फिरवतो. कर्जाने शेतकऱ्याचे कंबरडे मोडते, आणि उपकाराच्या ओझ्याखाली भला माणूस वाकतो. बोलण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे, की खरोखरीच वाकलेले शरीर समोर आले म्हणजे त्या शरीराच्या धन्याविषयीही आपल्या मनात नकळत एक निवाडा तयार होतो. रामायणातील मंथरा कुबडी आहे, आणि तिच्या मनाचा वाकडेपणा आपण तिच्या पाठीवरून ओळखतो. भागवतातील मथुरेची कुब्जा तीन ठिकाणी वाकलेली आहे. श्रीकृष्ण तिच्या पावलांवर आपले पाऊल ठेवतो, हनुवटीखाली दोन बोटे लावून तिला वर उचलतो, आणि ती सरळ होते. महाभारतातील अष्टावक्र जनकाच्या यज्ञात वाद जिंकतो. आठ ठिकाणी वाकलेल्या देहामुळे त्याच्या विद्वत्तेला काही उणेपणा आलेला नसतो. तरीही कथा तेथे थांबत नाही. पित्याच्या सांगण्यावरून तो समंगा नदीत स्नान करतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. आपल्या पूर्वजांनाही शेवट सरळच हवा होता.

कृष्णाने जे दोन बोटांनी केले ते आज शल्यचिकित्सक कित्येक तास खपून करतात. मणक्यांत स्क्रू बसवितात, त्यांत धातूच्या सळया अडकवितात, गरज पडल्यास मणक्याचा पाचरीसारखा तुकडा काढून कणा मागे वळवितात, आणि मणके एकमेकांशी कायमचे सांधून टाकतात. यात नवल आहेच. पण त्याहून नवलाची गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधी घडते. रुग्णाला उभे करून काढलेल्या क्ष-किरण चित्रांवरून संगणक सांगू पाहतो, की ही व्यक्ती शस्त्रक्रियेनंतर कशी उभी राहील; मान किती पुढे असेल, कमरेचा बाक किती अंशांचा होईल, कटीर किती मागे झुकलेले राहील. कुब्जेला कृष्णाने आगाऊ आकडा सांगितला नव्हता. आज आकडा सांगता येऊ लागला आहे, आणि त्याच्या मागोमाग एक नीतीचा प्रश्नही आला आहे. एका माणसाने दुसऱ्याला त्याच्या देहाचे भविष्य सांगावयाचे, तेव्हा सांगणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते? ज्याचा देह आहे त्याचा, आणि त्याच्या घरच्यांचा, त्या भविष्यावर कितपत अधिकार असतो?

हा विचार करण्यापूर्वी आपल्या भाषेने करून ठेवलेला एक गैरसमज दूर केला पाहिजे. निरोगी कणा सरळ नसतो. पाठीमागून पाहिला तर तो सरळ दिसतो; बाजूने पाहिला तर त्याला वळणे असतात. मूल जन्मते तेव्हा त्याच्या पाठीला एकच बाक असतो. ते मान धरू लागते तसा मानेचा उलटा बाक तयार होतो, आणि उभे राहून चालू लागते तसा कमरेचा. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके मिळून ही वळणदार मांडणी करतात, आणि या वळणांमुळेच डोके कमरेच्या बरोबर वर तोलून राहते. ज्याँ द्युबूसे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने यासाठी शंकूची कल्पना मांडली. उभा माणूस आपल्या पावलांवर उलट्या ठेवलेल्या एका अरुंद शंकूत उभा असतो. शरीर त्या शंकूच्या आत राहिले तर फारसे श्रम पडत नाहीत. ते बाहेर झुकू लागले, की नुसते उभे राहणे हेच दिवसभराचे कष्टाचे काम होऊन बसते.

वैद्यकाला हे ज्ञान सहजासहजी झालेले नाही. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने वाकड्या झालेल्या मुलांच्या पाठीसाठी धातूची सळई तयार केली आणि १९६२ साली तिच्या उपयोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एका बाजूला कलंडलेल्या असंख्य पाठी त्या सळईने सावरल्या. परंतु सळई सरळ होती, आणि ती खाली कमरेपर्यंत नेली म्हणजे कमरेचा नैसर्गिक बाकही सपाट होत असे. वर्षे लोटली, त्या मुलांतील काही जण प्रौढ झाल्यावर पुढे झुकू लागले, आणि गुडघे वाकवल्याशिवाय त्यांना ताठ उभे राहता येईना. डॉक्टरांनी या दुखण्याला 'सपाट पाठ' असेच नाव दिले. पाठ फार सरळ केल्याने माणसे वाकली, याची ही वैद्यकाच्या इतिहासातील नोंद आहे.

आमच्या कुरुंद्याला वाकलेल्या पाठी परक्या नाहीत. नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेले हे गाव वसमत तालुक्यात आहे. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात मोडत असे. हा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची कीर्ती कागदोपत्री पक्की झाली. त्या कीर्तीचा भार कोणाच्या कमरेवर पडतो हे पाहावयाचे असेल तर काढणीच्या दिवसांत शेतावर यावे. जमिनीतून निघालेली हळद वेचावयाची, मुळ्या तोडून माती झाडावयाची, शिजवलेली हळद उन्हात पसरावयाची, पुन्हा गोळा करावयाची. त्याच्या आधीची लागवड आणि खुरपणी वेगळी, घरचे सारवण, धुणे, पाणी वेगळे. यातले बहुतेक काम बाया वाकून किंवा उकिडव्या बसून करतात. साठी ओलांडलेल्या कित्येक बाया आमच्याकडे मांडीवर हात टेकून चालतात. मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, पाठीचे स्नायू दुबळे होतात, हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात. कोणाच्या मणक्याला लहानपणी क्षयाने पोखरलेले असते. जपानमधील डॉक्टरांनी १९८८ साली अशाच बायांचे वर्णन केले. जन्मभर शेतात वाकून राबलेल्या त्या बायांच्या कमरेचा बाक नाहीसा झाला होता आणि त्या पुढे झुकून चालत होत्या. कोरियातही हेच दिसून आले. भूगोल वेगळा, पीक वेगळे, पाठ एकच.

आता भाकिताकडे वळू. गवंडी भिंत तपासताना ओळंबा सोडतो. मणक्याचे डॉक्टरही क्ष-किरण चित्रावर तेच करतात. मानेच्या सातव्या मणक्यापासून एक उभी रेषा खाली सोडावयाची आणि ती कमरेखालच्या त्रिकास्थीच्या वरच्या मागील कोपऱ्यापासून किती पुढे पडते ते मोजावयाचे. ही रेषा ५ सेंटिमीटरहून अधिक पुढे गेली तर तोल बिघडला असे मानण्याचा प्रघात आहे, आणि ती जसजशी पुढे जाते तसतशा वेदना आणि अडचणी वाढतात असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. दुसरे माप कटीराचे. १९९०नंतरच्या दशकात फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले, की प्रत्येकाच्या कटीराला स्वतःचा एक कोन असतो. कोणाचा ४० अंश, कोणाचा ६०. वाढ पुरी झाली की तो जवळजवळ बदलत नाही. कमरेचा बाक या कोनाशी जुळता असावा लागतो. म्हणजे 'योग्य पाठ' नावाची एकच पाठ नाही. तुमची पाठ तुमच्या कटीराला शोभेल अशी, माझी माझ्या कटीराला. २०१२ साली रूढ झालेल्या वर्गीकरणात या दोन मापांतील फरक १० अंशांच्या आत असावा असे धरले गेले. संगणकाने हे हिशेब सोपे केले, आणि आता काही रुग्णालयांत त्या त्या रुग्णाच्या मापाने आधीच वाकवून तयार केलेल्या सळयाही वापरतात.

येथपर्यंत सारे गवंड्याच्या कामासारखे वाटते. अडचण पुढेच आहे. भिंतीचा एक भाग सरळ केला म्हणून उरलेली भिंत आपली जागा बदलत नाही. कणा मात्र बदलतो. शल्यचिकित्सक कमरेचे मणके जखडतो, पण वरचे मणके मोकळे असतात, आणि ते या नव्या व्यवस्थेला आपल्या परीने उत्तर देतात. कमरेचा बाक परत मिळाला की आतापर्यंत तोल सावरण्यासाठी मागे ताणून धरलेली वरची पाठ सैल पडते आणि पुन्हा गोल होते. मान आपला बाक बदलते. कधी ही जुळवाजुळव गोड होते. कधी सळया जेथे संपतात त्याच्या लगेच वर नवा बाक येतो, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. डॉक्टरांच्या हाती असलेला भाग किती अंश वळेल हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. हाती नसलेला भाग काय करील, हे सांगणे कठीण असते. आणि माणूस उभा राहतो तो दोन्ही भाग मिळून.

आणखी एक गोष्ट हळूहळू उमगली. म्हाताऱ्या माणसाला तरुणाच्या मापाने सरळ करणे हिताचे नसते. २०१६ साली वयागणिक मापे सुचविण्यात आली. वय वाढेल तसे थोडे झुकणे चालेल, असे त्यांनी मान्य केले. २०१७ साली प्रत्येकाच्या कटीराच्या कोनावर आधारलेला एक नवा गुणांक पुढे आला, आणि तो शस्त्रक्रियेनंतरचे यांत्रिक बिघाड आधी ओळखतो असे दिसले. पुढे तो इतर ठिकाणच्या रुग्णांना लावून पाहिला, तेव्हा कित्येक ठिकाणी पहिल्याइतका ताळा जमला नाही. यात शास्त्राची नामुष्की नाही. एका गावचे गणित दुसऱ्या गावी पडताळून पाहण्यातच शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. परंतु रुग्णासमोर आकडा ठेवताना त्याच्या मागची ही हकीकतही ठेवली पाहिजे.

भाकिताचा हा उद्योग परदेशातूनच आलेला आहे असे नाही. मणक्याचा क्षय हा आपल्या देशाचा जुना शत्रू. त्याने पोखरलेला कणा औषधाने बरा झाला तरी पाठीला कुबड राहते. हे कुबड शेवटी किती अंशांचे होईल, याचे सूत्र १९८७ साली मद्रासच्या डॉक्टरांनी मांडले. सुरुवातीला मणक्याची उंची किती गमावली आहे ते मोजावे, त्याला ३०.५ने गुणावे, त्यात ५.५ मिळवावे, की शेवटचा कोन येतो. शाळकरी मुलालाही करता येईल असे हे गणित. पण त्यांतील मुलांचा १५ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. वाढीच्या वयात काहींचे कुबड वाढत गेले, काहींचे आपोआप कमी झाले, काहींचे होते तसेच राहिले. तेव्हा कोइमतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी २००१ साली क्ष-किरण चित्रातील चार खुणा सांगितल्या. त्यांतील दोनहून अधिक खुणा दिसल्या तर त्या मुलाचा कणा धोक्यात आहे असे समजावे. मला या कामात फार मोठा विवेक दिसतो. त्या खुणा मुलाच्या कपाळी भविष्य लिहून ठेवीत नाहीत. कोणावर शस्त्रक्रिया लवकर केली पाहिजे आणि कोणाला उगाच सुरीखाली घालू नये, एवढेच त्या सांगतात. भाकीत करण्याचे चांगले कारण हेच, की त्यामुळे आज काय करावे ते कळावे.

येथे पंचांगाची आठवण होते. दिवाळीच्या आधी घरोघरी पंचांग उघडले जाते, आणि त्यात ग्रहणाची वेळ मिनिटासकट छापलेली असते. ती चुकत नाही. पण सूर्य पंचांग वाचत नाही. आपल्याला ग्रहण लागणार हे कळल्याने तो खचत नाही की हुरळत नाही. माणूस मात्र आपले भाकीत ऐकतो, आणि ऐकल्यावर तो पहिला माणूस राहत नाही. शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. 'हा मुलगा गणितात तरणार नाही' हे वाक्य वर्गात मोठ्याने उच्चारले गेले, की ते नुसते अनुमान न राहता त्या मुलाच्या पाठीवरचे ओझे होते. पाठीचा मणका डॉक्टरांचे बोलणे ऐकत नाही हे खरे. पण ज्याची पाठ आहे तो ऐकतो. 'तुम्ही सरळ उभे राहाल' हे अनुमान त्याच्या कानावर वचन म्हणून पडते. आणि वचन पुरे झाले नाही तर तो स्वतःला दोष देतो, नाहीतर डॉक्टरला.

म्हणून आकडा सांगताना त्याच्या दोन्ही बाजू सांगणे हा उपचारशिष्टाचार नव्हे. ते कर्तव्य आहे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षे पाहिलेल्या २९१ रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांना लहानमोठी एखादी तरी गुंतागुंत झाली होती. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. अशा शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ लोकांच्या वेदना खरोखर कमी होतात आणि त्यांचे हिंडणेफिरणे सुधारते. ज्याला मान वर करून समोरच्याच्या डोळ्यांत पाहता येत नाही, रस्त्यावरून येणारी गाडी दिसत नाही, दोन्ही हात मांडीवर टेकल्याशिवाय दहा पावले चालवत नाही, त्याने सरळ होण्याची इच्छा धरणे याला हौस म्हणता येणार नाही. त्याला समोरचे जग परत हवे असते, आणि ते देणाऱ्या विद्येपुढे हात जोडावेत अशीच ती विद्या आहे. पण हात जोडणे आणि डोळे मिटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या गावातील एका वृद्ध बाईंची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. नावाचे कारण नाही. वय सत्तरीचे, कमरेत वाकलेल्या. दोन्ही मुलगे पुण्यात नोकरीला. दिवाळीला घरी आले आणि माय फारच वाकली असे दोघांच्याही मनाने घेतले. तिला पुण्याला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखविले. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी पडद्यावर दोन आकृत्या दाखविल्या, एक आजची आणि एक शस्त्रक्रियेनंतरची. आज ओळंबा १३ सेंटिमीटर पुढे आहे, तो ४ किंवा ५ वर आणता येईल, असे त्यांनी समजावून सांगितले. मुलगे पडद्याकडे पाहतच राहिले. दुसऱ्या आकृतीत त्यांना आपल्या लहानपणची माय दिसत असावी.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्या चित्रातली बाई उभी हाय. ती खाली बसल्यावर कशी दिसंल, ते दाखवा की."

डॉक्टर क्षणभर थांबले, आणि त्यांनी सरळ उत्तर दिले. "आजी, सळया कमरेच्या खालपर्यंत न्याव्या लागतील. मग उकिडवं बसता येणार नाही. मांडी घालून बसणंही अवघड जाईल. खाली पडलेली वस्तू उचलायला, पायात चप्पल घालायला कुणाची तरी मदत लागेल."

थोरला मुलगा घाईने म्हणाला, "माय, आपण खुर्ची आणू, पलंग आणू. संडास बदलून घेऊ."

"लेका, तुम्ही घर बदलून देताल," बाई म्हणाल्या, "पण मी ज्या बायांत जाऊन बसते, त्या काय खुर्च्या घेऊन बसणार हायत का?"

या बाई अक्षरशत्रू आहेत. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न त्या साऱ्या गणिताच्या मुळाशी जाणारा होता. क्ष-किरण चित्र उभ्या माणसाचे काढलेले असते. मापे उभ्या माणसाची, भाकीत उभ्या माणसाचे. आणि या बाईंचे आयुष्य जमिनीवर बसून चाललेले. भाकऱ्या थापणे, निवडणे-टिपणे, देवापुढे बसणे, मयताच्या घरी जाऊन शेजारणीच्या गळ्यात पडणे, नातवाला मांडीवर घेणे, सारे बसून. आकडा चुकीचा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होता. 'मी किती सरळ उभी राहीन?' असे बाईंनी विचारलेच नव्हते. 'माझ्या माणसांत मला बसता येईल का?' हे त्यांना हवे होते. डॉक्टरांचे मोठेपण असे, की त्यांनी आपले उत्तर बाजूला ठेवून बाईंचा प्रश्न हाती घेतला. चौकशीअंती कळले, की बाईंना वाकण्यापेक्षा चालताना पायांत येणाऱ्या कळांचा त्रास अधिक होता. दबलेल्या नसा मोकळ्या करण्यापुरती लहान शस्त्रक्रिया करावी, कणा आहे तसा ठेवावा, असे बाईंनी ठरविले. आज त्या पूर्वीसारख्याच वाकलेल्या आहेत आणि टोकाईच्या दर्शनाला पूर्वीपेक्षा कमी वेळा थांबत जातात. दुसऱ्या एखाद्या बाईने उलट निर्णय घेतला असता, खाली बसणे सोडून मान वर करणे पत्करले असते, तर तोही तितकाच बरोबर ठरला असता. मात्र तो तिचा असावयास हवा.

याच प्रश्नाची दुसरी बाजू महाराष्ट्राने एका थोर माणसाच्या आयुष्यात पाहिली आहे. बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे कित्येक वर्षे बसता येत नसे. ते उभे राहत किंवा आडवे पडत. आमच्या बाईंना जे गमवावयाचे नव्हते ते बाबांनी गमावलेलेच होते. अशा स्थितीत १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा निघाली. तरुण मंडळी सायकलींवर होती, आणि बाबा बरोबरच्या वाहनात आडवे पडून देश पाहत होते. १९९० साली आनंदवन सोडून ते नर्मदेच्या काठी राहावयास गेले. त्यांच्या कण्याचे क्ष-किरण चित्र पाहून कोणी त्यांच्या पुढील आयुष्याचे भाकीत केले असते, तर ते काय झाले असते? अंशांच्या हिशेबात ते कदाचित बरोबर ठरले असते. पण त्या हिशेबात कन्याकुमारी नसती आणि नर्मदाही नसती. बाबांच्या उदाहरणावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की मन खंबीर असले म्हणजे शस्त्रक्रिया नको. दुखणाऱ्या माणसाला मनोधैर्याचे धडे देणे हा फार स्वस्त परोपकार आहे. निष्कर्ष इतकाच, की देहाचे माप आणि आयुष्याचे माप यांचा एकमेकांशी संबंध आहे, पण ती एकच नव्हेत. पहिले डॉक्टर मोजू शकतो. दुसरे ज्याचे त्यालाच मोजावे लागते.

मग तात्पर्य काय? भाकीत करूच नये, असे मी म्हणणार नाही. आंधळेपणाने सळया ठोकण्यापेक्षा हिशेब करून बसविणे केव्हाही श्रेयस्कर. हॅरिंग्टनच्या सळईने दिलेला धडा एवढ्यासाठीच आठवावा. दिवसेंदिवस ही भाकिते अधिक अचूक होतील, आणि तशी व्हावीत. पण कितीही अचूक झाली तरी त्यांना नीतीचा आधार तेव्हाच मिळेल, जेव्हा ती रुग्णाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर असतील. आधी विचारले पाहिजे, की बाई, तुम्हाला दिवसभरात काय काय करावयाचे असते? कशावाचून तुमचे अडते? कशावाचून चालेल? त्यानंतर ओळंबा सोडावा. आणि उत्तर देताना आपल्या हातात किती आहे, मोकळ्या मणक्यांच्या हातात किती, हेही सांगावे. ज्या तज्ज्ञाला आपल्या ज्ञानाची सीमा ठाऊक आहे आणि ती सांगण्याचे धैर्य आहे, त्याच्या शब्दावर माणूस अधिक निर्धास्तपणे विसंबतो.

डॉक्टरांचे कर्तव्य सांगणे सोपे आहे. आपले, म्हणजे घरच्यांचे, सांगणे अवघड. आईवडील वाकलेले पाहून मुलांना जे दुःख होते त्यात प्रेम असते, यात शंका नाही. पण त्यात थोडी लाजही मिसळलेली असते. आपण दूर गेलो आणि इकडे ही वाकली, ही टोचणी असते. तिला सरळ केले म्हणजे ती टोचणीही जाईल अशी अंधुक आशा असते. चार लोकांत आपली माय ताठ दिसावी, असेही वाटते. भाषेने ताठपणाला दिलेला मान येथे आपले काम करून जातो. हे सारे मानवी आहे. तथापि आपल्या मनाचा सल काढण्यासाठी दुसऱ्याच्या पाठीत सळई घालू नये. तिचे वाकणे हे तिच्या कष्टांच्या हिशेबाचे शेवटचे पान आहे. त्या पानावर काय लिहावयाचे ते तिने ठरवावे. आपण शाई आणि दिवा पुरवावा. ती 'करा' म्हणाली तर पैसा, वेळ आणि नंतरच्या महिन्यांची शुश्रूषा यांत कसूर करू नये. ती 'नको' म्हणाली तर तिला हट्टी म्हणू नये.

यंदाच्या दिवाळीतही घरोघर लेकी-सुना, मुलगे आणि नातवंडे जमतील, आणि गेल्या वर्षीपेक्षा आजी थोडी अधिक वाकल्याचे कोणाच्या तरी ध्यानात येईल. त्या वेळी तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेण्याचा बेत जरूर करावा. फक्त त्याआधी एक करावे. तिच्याजवळ खाली बसावे, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन, आणि काय दुखते ते विचारावे. मग काय हवे ते विचारावे. उत्तर द्यावयास ती वेळ लावील. आजवर तिला हे फारसे कोणी विचारलेले नसते. तेवढा वेळ थांबावे.